सातारा-सांगलीकडील तरुणांचा सन्मान : एक ऐतिहासिक समालोचन



ज्युबिलीचा समारंभ म्हटला कीं शाल, श्रीफळ आणि मानपत्र हीं ओघानेंच आलीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें राबून चार लोकांचें कल्याण केलें त्यांस बोलावून आणावें, त्यांच्या खांद्यावर वस्त्र घालावें व त्यांच्याविषयीं चार चांगले शब्द बोलावे, ही आपल्या देशांतील जुनी चाल आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु अशा प्रसंगीं व्यासपीठावरील खुर्च्यांकडे पाहिलें, तर बहुधा पिकलेलीं डोकींच दृष्टीस पडतात. तरुण मंडळी सतरंज्या घालण्यांत, पाणी देण्यांत आणि शेवटीं खुर्च्या उचलण्यांत गुंतलेली असते. ज्यांचें काम अद्याप पुढें आहे, किंवा नुकतेंच कोठें सुरू झालें आहे, त्यांचा सन्मान करावा कीं नाहीं, आणि करावयाचा तर तो कशानें करावा, हा प्रश्न त्यामुळें मागेंच राहतो.

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. सातारा व सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांच्या गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासांत तें उत्तर ठिकठिकाणीं विखुरलेलें आहे. हे जिल्हे आज दोन असले तरी त्यांचा पुष्कळसा पूर्ववृत्तांत एकच आहे. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून निराळा जिल्हा करण्यांत आला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. कृष्णामाई दोहोंतूनही वाहते, आणि वाळव्या-तासगांवकडील जुन्या घरांतून ‘आमचा सातारा’ असा शब्दप्रयोग कालपरवांपर्यंत ऐकूं येत असे. म्हणून या दोहोंचा विचार आम्ही येथें एकत्रच करितों.

प्रथम आजची गोष्ट सांगतों. महाराष्ट्र शासनानें २०१२ सालीं आपलें युवा धोरण जाहीर केलें, आणि त्यास अनुसरून राज्यांत जिल्हा युवा पुरस्कार देण्याची प्रथा सुरू झाली. या योजनेंत प्रत्येक जिल्ह्यांतून एक युवक, एक युवती आणि एक संस्था अशी निवड करावयाची असते. व्यक्तीस १०,००० रुपये व संस्थेस ५०,००० रुपये, त्याबरोबर सन्मानपत्र, असें त्याचें स्वरूप ठरविण्यांत आलें. मानकऱ्याचें वय १३ ते ३५ वर्षांच्या आंत असलें पाहिजे. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरींत करावयाचा, आणि केलेल्या कामाचे पुरावे, म्हणजे वर्तमानपत्रांतील कात्रणें, प्रशस्तिपत्रें, छायाचित्रें वगैरे, त्यास जोडावयाचीं. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांस ही योजना इतरांप्रमाणेंच लागू झाली. सरकारी पुरस्कारांखेरीज निरनिराळ्या संस्था व वृत्तपत्रें यांचेही तरुण डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, उद्योजक व समाजसेवक यांच्यासाठीं गौरवसमारंभ होत असतात. अशा पुरस्कारांची खरी योग्यता काय हें ठरवावयाचें असेल, तर आपल्या मुलखांत पूर्वीं तरुणांचा मान कोणीं, केव्हां व कसा राखला हें पाहिलें पाहिजे.

आरंभ सांगलीच्या राजवाड्यापासून करूं. सांगली संस्थानचे अधिपति श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारीं १८४२ सालीं कर्नाटकांतील भागवत मंडळींचे खेळ झाले. ते पाहून राजेसाहेबांच्या मनांत आलें कीं, असे खेळ, पण याहून सुधारलेले, आपल्या मराठींत कां होऊं नयेत? हें काम त्यांनीं कोणा वयोवृद्ध शास्त्र्याकडे सोंपविलें नाहीं. आपल्याच आश्रयास असलेल्या विष्णु अमृत भावे या पंचविशीच्या घरांतील तरुणास त्यांनीं तें सांगितलें. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं ‘सीतास्वयंवर’ हा खेळ सांगलीस झाला, आणि मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून महाराष्ट्र आज तोच दिवस पाळतो. ज्या तरुणानें तोंपर्यंत एकही नाटक रचलें नव्हतें त्याच्या हातीं एवढें काम देणें, हाच त्याचा मोठ्यांत मोठा सन्मान होता.

परंतु या कथेचा उत्तरार्धही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १८५१ सालीं चिंतामणराव वारले आणि त्यांच्याबरोबरच तो राजाश्रयही संपला. भाव्यांस आपली मंडळी घेऊन पोटासाठीं गांवोगांव हिंडावें लागलें. १८५३ सालीं ते मुंबईस पोंचले. त्या भ्रमंतीमुळें मराठी नाटक राजवाड्याबाहेर पडून सर्व लोकांचें झालें हें खरें. तरी एका धन्याच्या मर्जीवर उभा असलेला सन्मान त्या धन्याच्या पश्चात् टिकत नाहीं, हेंही तितकेंच खरें. पुढें १९४३ सालीं मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक महोत्सव सांगलीसच झाला. तेथील अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिति भाव्यांच्या नांवानें ५ नोव्हेंबर रोजीं ज्येष्ठ रंगकर्मींस गौरवपदक देत आली आहे, आणि त्याचा पहिला मान बालगंधर्वांस मिळाला. नाट्यक्षेत्रांत या पदकाची प्रतिष्ठा मोठी आहे. मात्र तें आयुष्यभराच्या सेवेचें पदक आहे. १८४३ सालीं राजानें तरुण भाव्यांवर टाकलेला विश्वास ही निराळी वस्तु होती. पदकानें झालेल्या कामाची नोंद होते. विश्वासानें तें काम मुळांत घडतें.

दुसरें उदाहरण जोतीराव फुल्यांचें. त्यांचें कार्यक्षेत्र पुणें असलें तरी त्यांच्या घराण्याचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण, आणि त्यांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई यांचें माहेर त्याच जिल्ह्यांतील नायगांव. १८४८ सालीं या जोडप्यानें पुण्यांत मुलींची शाळा काढली. पुढच्याच वर्षीं त्या शाळेपायीं दोघांसही घर सोडावें लागलें. अशा स्थितींत १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्तें सरकारनें जोतीरावांस शालजोडी देऊन त्यांचा जाहीर सत्कार केला. तेव्हां त्यांचें वय अवघें २५ वर्षांचें होतें. ज्याला स्वकीयांनीं घराबाहेर केलें त्याला भर दरबारीं उभें करून मानवस्त्र देणें, याचा त्या काळीं केवढा आधार वाटला असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सरकार केवळ शालीवर थांबलें नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वानांस जी दक्षिणा वांटीत, तिच्या रकमेचा कांहीं भाग इंग्रजी अमदानींत विद्यावृद्धीकडे वळविण्यांत आला होता, आणि त्या दक्षिणा फंडांतून फुल्यांच्या शाळांस द्रव्यसाह्य मिळालें. मानाचें वस्त्र व शाळेचा खर्च हीं दोन्ही एकाच सुमारास आल्यामुळें तो सत्कार पोकळ ठरला नाहीं. एक उणीव मात्र राहिली. त्या शालीचे मानकरी म्हणून इतिहास जोतीरावांचें नांव सांगतो. रोज शाळेंत उभें राहून शिकविणाऱ्या २१ वर्षांच्या सावित्रीबाई मागेंच राहिल्या. आजच्या जिल्हा पुरस्कारांत युवकाबरोबर एका युवतीची निवड झालीच पाहिजे असा जो नियम आहे, त्याचें महत्त्व या एका गोष्टीवरून वाचकांच्या लक्षांत येईल.

गोपाळ गणेश आगरकर यांस तरुणपणीं कोणी शाल दिली नाहीं. कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यांत १४ जुलै १८५६ रोजीं त्यांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी विद्येसाठीं वणवण झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत असतांना शिष्यवृत्ति, निबंधांचीं बक्षिसें आणि लेखनाचें किरकोळ उत्पन्न यांवर त्यांनीं दिवस काढले. आज शाळांच्या वार्षिक समारंभांत निबंधाचें बक्षीस म्हणजे एक शोभेची वस्तु झाली आहे. परंतु त्या विद्यार्थ्याला त्या चार रुपयांत जेवणाची खाणावळ भागवितां येत असे. एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी हातीं असतांही त्यांनीं अल्प वेतनावर शिक्षणाचें व्रत घेतलें, आणि १८९५ सालीं, चाळिशीच्याही आधीं, ते निवर्तले. आयुष्य एवढें थोडें असेल हें कोणास ठाऊक असतें? उतारवयाची वाट पाहून ज्यांचा सन्मान करावयाचा, असे सर्वच गुणी लोक उतारवयापर्यंत पोंचत नाहींत.

आतां औंधाकडे वळूं. औंध हें सातारा प्रांतांतील लहानसें संस्थान. १९०९ सालीं तेथें भवानराव पंतप्रतिनिधि गादीवर आले. त्याच सुमारास बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर नांवाचे एक गृहस्थ अडचणींत सांपडले होते. पूर्वीं ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. तेथें बढतीची वेळ आली असतां त्यांस डावलण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं ती नोकरी सोडली, बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें आणि मागून लोखंडी नांगर करण्याचा कारखाना काढला. पण कारखान्याची जागाच नगरपालिकेच्या योजनेंत गेली. अशा वेळीं औंधच्या राजेसाहेबांनीं त्यांस आपल्या संस्थानांत बोलाविलें. कुंडल रोड स्टेशनाजवळचें ३२ एकरांचें निवडुंगानें भरलेलें माळरान आणि १०,००० रुपयांचें कर्ज यांवर १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे. राजेसाहेबांस लक्ष्मणरावांना एखादी पदवी देतां आली असती, पोशाख देतां आला असता. त्यांनीं जागा दिली व भांडवल दिलें. धंद्यांत पडलेल्या मनुष्याचा सन्मान कशानें होतो याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

याच संस्थानांत शिक्षण स्वस्त व सुलभ होतें म्हणून साने गुरुजींसारखा कोंकणांतला गरीब विद्यार्थी कांहीं काळ औंधास येऊन राहिला. संस्थानच्या आटपाडी महालांतील माडगूळकर घराण्यांतला गजानन औंधाच्याच शाळेंत शिकला आणि पुढें महाराष्ट्राचा लाडका कवि झाला. या मुलांस कोणी गौरवपदकें दिलीं नव्हतीं. शाळेचें दार उघडें होतें, एवढेंच.

किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या विक्रेत्यांत भाऊराव पायगौंडा पाटील नांवाचे एक तरुण गृहस्थ होते. त्या फिरतींत शेतकऱ्यांच्या घरचें अज्ञान त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास आलें. तेथील वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस असें नांव देण्यांत आलें. मुलांच्या मुखीं अन्न पडावें म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, गळ्यांतील मंगळसूत्रसुद्धां, मोडले. मुलांनीं शेतांत, बांधकामावर व स्वयंपाकघरांत राबावें आणि त्या श्रमाच्या बळावर शिकावें, हा तेथील दंडक. ‘कमवा व शिका’ हे दोन शब्द त्यांतूनच महाराष्ट्रभर गेले. त्या वसतिगृहाच्या आश्रयानें शिकलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढें शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरु झाले.

आतां स्वतः भाऊरावांचा सन्मान केव्हां झाला तें पाहा. लोकांनीं त्यांस कर्मवीर म्हणावयास फार पूर्वींच आरंभ केला होता. परंतु भारत सरकारची पद्मभूषण ही पदवी त्यांस १९५९ सालीं मिळाली. पुणें विद्यापीठाची सन्मान्य डॉक्टरेटही त्याच वर्षीं मिळाली. आणि त्याच वर्षाच्या ९ मे रोजीं त्यांचें देहावसान झालें. संस्था स्थापून तेव्हां चाळीस वर्षें होत आलीं होतीं. ज्या काळीं पत्नीचे दागिने मोडावे लागत होते त्या काळीं या सन्मानाचा शतांश जरी मदतीच्या रूपानें मिळता, तर किती मुलें अधिक शिकलीं असतीं, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हाच प्रकार कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांच्या चरित्रांत अधिक तीव्रतेनें दिसतो. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत जाण्यास त्यांची निवड झाली, पण जाण्यास पैसा नव्हता. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक जिंकलें; स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. कऱ्हाडास परत आल्यावर शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनीं कुस्त्यांचे फड लावून गुरुजींचें घर सोडविलें. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले, आणि १९८४ सालीं अपघातांत वारले. क्रीडाक्षेत्रांतील अर्जुन पुरस्कार त्यांस सरकारनें दिला तो २००० सालचा, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं. आमच्या मतें खाशाबांचा खरा सन्मान प्राचार्यांनीं ज्या दिवशीं गहाणखतावर सही केली त्या दिवशीं झाला. तेव्हां हातांत पदक नव्हतें. गुण मात्र होता, आणि तो ओळखणारा मनुष्य होता.

स्वातंत्र्यलढ्यांतील प्रतिसरकारची हकीकतही याच मासल्याची. १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालीं सातारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत लोकांनीं आपला कारभार आपण चालविला. त्यांत राबणारे पुष्कळसे विशी-पंचविशीचे तरुण होते. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षीं, १९७२ सालीं, सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांस ताम्रपटानें गौरविलें. त्या लढ्यांतील वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांस पद्मभूषण मिळालें तें २००९ सालीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं. ताम्रपट असो कीं पदवी असो, तीं आदरणीयच आहेत. पण त्यांनीं मागचें ऋण फिटतें. पुढचें काम उभें राहत नाहीं.

या सर्व वृत्तांतावरून सन्मानाच्या तीन कसोट्या निघतात असें आम्हांस वाटतें. पहिली वेळेची : मदत ज्या क्षणीं हवी त्या क्षणीं ती आली काय? दुसरी साधनाची : शालीबरोबर जागा, भांडवल, पुस्तक किंवा प्रवासखर्च असें कांहीं हातीं पडलें काय? तिसरी टिकाऊपणाची : देणारा मनुष्य गेल्यावर वा समारंभ उरकल्यावर त्या तरुणामागें कोणी उभें राहिलें काय? चिंतामणराव पहिल्या दोहोंत उतरले, तिसरींत त्यांचे वारस उतरले नाहींत. भाऊरावांचें वसतिगृह तिन्हींत उतरलें, कारण त्यांनीं आपल्या औदार्याची संस्था केली.

जिल्हा युवा पुरस्कार या कसोट्यांस लावून पाहिला तर वेळेच्या बाबतींत तो चांगला ठरतो. ३५ वर्षांच्या आंत ज्यास मान मिळाला त्याचें आयुष्य पुढें आहे. साधनाच्या बाबतींत १०,००० रुपये फार नाहींत, परंतु एखाद्या खेड्यांतील रात्रीच्या अभ्यासिकेंत दिवे व बांकें यांची सोय होईल इतके ते निश्चित आहेत. तिसऱ्या बाबतींत मात्र विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. पुरस्कार मिळाल्यावर निदान दोन वर्षें आपण काम चालूं ठेवूं, असें हमीपत्र मानकऱ्याकडून घेण्याचा या योजनेंत नियम आहे. नियम योग्यच आहे. पण त्या तरुणामागें दोन वर्षें आम्ही उभे राहूं, अशी हमी समाजाकडून कोणी घेत नाहीं. ती समाजानेंच आपण होऊन दिली पाहिजे.

आणखी एक अडचण. अर्ज ज्याचा त्यानें करावयाचा आणि पुरावा म्हणून कात्रणें जोडावयाचीं, या पद्धतींत ज्याचा गाजावाजा झाला तो पुढें येतो. रुग्णालयांत रात्रपाळी करून वस्तींतल्या म्हाताऱ्यांस औषध पोंचविणारी परिचारिका, कारखान्यांतून घरीं आल्यावर पोरांस गणित शिकविणारा फिटर, दुष्काळी माळावर बंधारा घालण्यासाठीं घरोघर हिंडणारा शेतकऱ्याचा मुलगा, यांच्याजवळ कात्रणें कोठून असणार? जोतीराव शालीसाठीं अर्ज घेऊन गेले नव्हते. खाशाबांनीं प्राचार्यांचें घर मागितलें नव्हतें. कोणीतरी त्यांच्याकडे पाहिलें होतें. हें पाहण्याचें काम वडील मंडळींचें आहे. आपल्या आळींतील, आपल्या गांवांतील अशा एका मुलाचें व एका मुलीचें काम दर वर्षीं लिहून ठेवावें, त्यांचा अर्ज आपण भरावा, त्यास लागणारे दाखले आपण मिळवून द्यावे, आणि पुरस्कार मिळो वा न मिळो, त्यांच्या कामास काय कमी पडतें हें त्यांस विचारून तेवढें पुरें करावें. याला मोठा निधि लागत नाहीं. एक वही, दोन जाणतीं माणसें आणि वर्षाकांठीं थोडी वर्गणी एवढ्यावर हें होण्यासारखें आहे.

वयोवृद्धांच्या खांद्यावर शाल अवश्य घालावी. त्यांनीं ती कमाविली आहे. परंतु समारंभ संपल्यावर जो तरुण खुर्च्या उचलीत असेल त्याला जरा थांबवून, तो दिवसभर काय करतो व त्याला काय करावयाचें आहे, एवढें विचारण्यास विसरूं नये, अशी आमची वाचकांस नम्र विनंति आहे.